मनू, टीम तुझी, कारभार त्यांचा

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा आवाज मध्येच तुटत होता, पण एवढं कळलं की सरांना तापामुळे गोरखपूरहूनच परत फिरावं लागलं आणि नेपाळात सेवेला गेलेल्या आपल्या चर्चच्या टीमची जबाबदारी तुझ्यावर आली. "मम्मी, मला जमेल का गं?" हेच तू सारखं विचारत होतीस. फोनवर धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते आहे. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवीन, अक्षर लावून वाच.

जमेल. नाताळच्या नाटकात संडे स्कूलची पोरं, त्यांचे पंख आणि मुख्य म्हणजे त्यांच्या आया तू सांभाळल्यास. ही दहा-बारा जाणती माणसं आहेत, यांना पंख तरी शिवावे लागत नाहीत. मला काळजी निराळीच आहे. जबाबदारी अंगावर आली की तू पदर खोचून कामाला लागतेस, आणि जिथे गेली आहेस तिथे कारभारी आधीपासून आहेत. तिथल्या चर्चचे पाळकसाहेब आहेत, त्या मंडळीतली वडीलधारी माणसं आहेत, वसतिगृहाचा स्वयंपाक बघणाऱ्या त्या दिदी आहेत. तू पुढारी आहेस ती आपल्या टीमची. शाळेची कुठली भिंत आधी रंगवायची ते त्यांनी ठरवायचं, मग तुझ्या डोळ्याला दुसरी भिंत कितीही खराब दिसो.

किल्लारीच्या वेळचं तुला थोडं सांगितलंय, आज नीट सांगते. 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मी नुकतीच नर्सिंग संपवली होती. सोलापुरातून जीप भरभरून माणसं निघाली, त्यांत आमचीही एक तुकडी होती. सास्तूरकडच्या एका गावात पत्र्याखाली एक आजोबा बसले होते. मी धनुर्वाताचं इंजेक्शन भरलं, त्यांनी मुकाट्याने बाही वर केली. दंडावर आधीच टोचल्याच्या खुणा, त्यातली एक चांगली सुजलेली. विचारलं तर म्हणाले, "जो येतो तो टोचून जातोय बाई. तुमीबी टोचा." मदतीला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हा त्यांचा सरळ हिशेब.

आमच्या मोठ्या सिस्टरांनी तिथल्या तिथे औषधाच्या पेट्या बंद करायला लावल्या. गावातली दाई शोधून काढली आणि तिच्यापाशी चिखलात पोतं टाकून बसल्या. कुणाला काय टोचलंय, कोण पोटुशी आहे, कुणाच्या घरात फक्त पोर उरलंय, त्या बाईला सगळं तोंडपाठ होतं. ते वहीत उतरलं, मगच पेट्या उघडल्या. आम्ही तरण्या पोरी मागे धुसफुसत होतो, की माणसं खोळंबलीत आणि या गप्पा मारत बसल्यात. पण दुपारपर्यंत आमच्या तुकडीचं काम जसं मार्गी लागलं तसं दुसऱ्या कुणाचं लागलं नव्हतं. रस्त्याकडेला शहरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते. ते पाठवणाऱ्यांनीही प्रेमानेच पाठवले असतील, पण विचारलं कुणी होतं का?

बायबलातल्या नहेम्याची गोष्ट तू मुलांना शिकवतेसच. यरुशलेमला पोचल्यावर तीन दिवस तो काही बोलला नाही. मग रात्री, कुणाला न सांगता, पडलेला तट बघून आला. 'चला, बांधू या' हे त्यानंतरचं. आपण मुलांकडून तेवढंच पाठ करून घेतो आणि आधीचे तीन दिवस गाळतो.

भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर आठवतंय ना? 1938 साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यांचे प्रमुख होते डॉ. अटल. आपले सोलापूरचे कोटणीस पथकातले एक. ते ख्रिस्ती नव्हते आणि ते मिशन आपल्या अर्थाचं मिशनही नव्हतं, पण बघण्यासारखं बरंच आहे. बाकीचे पुढेमागे परतले, हे तिथेच राहिले. चिनी भाषा शिकले, जखमी शिपायाशी त्याच्या भाषेत बोलू लागले, आणि 1941 साली बेथून हॉस्पिटलची धुरा त्यांच्याकडे आली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1942 मध्ये, ते तिथेच वारले. तुला थोड्या दिवसांत नेपाळी येणार नाही, ते ठाऊक आहे. पण लिपी आपलीच, देवनागरी. त्यांचं गीतांचं पुस्तक तुला पहिल्या दिवसापासून वाचता येईल, तर गाणी त्यांचीच म्हणा. आपली दोन मराठी भजनं त्यांनी आग्रह केला तर.

आणखी एक, जरा जड वाटेल. आपण स्वतः या गोष्टीच्या पलीकडच्या बाजूला होतो. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईला उतरले, पुढे नगर आणि सोलापूरला आले. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, माझी आजी लिहा-वाचायला शिकली ती त्यामुळे. त्यांचं ऋण मी कधी नाकारणार नाही. पण मंडळीचा कारभार, पैसा आणि शेवटचा शब्द किती तरी वर्षं साहेबांकडेच राहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या माणसाने 1917 साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' उभा केला, तो ख्रिस्ताचं काम इथल्या माणसांनी इथल्या रीतीने करावं म्हणूनच. आज आपण पाहुणे म्हणून दुसऱ्याच्या दारी आहोत. त्या घरात आपण साहेब व्हायचं नाही, एवढं आपल्या लोकांना तरी वेगळं सांगायला लागू नये.

आता कायद्याचं. नेपाळात 2018 पासून लागू झालेल्या दंडसंहितेप्रमाणे कुणाचं धर्मांतर घडवणं हा गुन्हा आहे. 5 वर्षांपर्यंत कैद, दंड, आणि परदेशी असेल तर शिक्षेनंतर हद्दपारी. तुमच्यातल्या त्या उत्साही मुलाच्या पिशवीत हस्तपत्रिका असतील तर त्या आजच काढून घे, आणि मुलांसोबतचे फोटो, लाइव्ह वगैरे पाळकसाहेबांना विचारल्याशिवाय टाकू देऊ नकोस. तो रुसेल. रुसू दे. तुम्ही गाडीत बसून याल, पण चौकशी झाली तर ती त्या पाळकसाहेबांच्या दारात होईल. तुम्ही ज्याच्या जवळ आहात त्या तानसेन गावच्या मिशन हॉस्पिटलचंच बघ. मसुरीला शिकवणारे रॉबर्ट फ्लेमिंग 1949 साली त्या भागात गेले ते पक्षी गोळा करायला, आणि 1954 साली युनायटेड मिशन टू नेपाळचं काम सुरू झालं ते दवाखाना आणि शिक्षणाचं, सरकारच्या अटी पाळून. रुग्णाला स्वच्छ चादर मिळाली आणि कुणी नीट विचारपूस केली, तर ख्रिस्ताची साक्ष व्हायची ती होतेच, असं माझ्या नोकरीतून मला वाटत आलंय. आपल्या तरुण संघातल्या काहींना हे पटत नाही, मला माहीत आहे.

बारीकसारीक लिहिते. तिथे मंडळीची उपासना शनिवारी असते, तर शनिवारी कामाचा बेत आखू नकोस. घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे. सगळ्यांच्या फोनमधली वेळ लावून घे, नाहीतर आपली नेहमीची दहा मिनिटं तिथे पंचवीस होतील. पाणी उकळूनच. रोज झोपण्यापूर्वी एकदा सगळ्यांकडे नजर टाक, आणि जो गप्प झालाय त्याच्याशी आधी बोल. बडबडणारे आपलं आपण सांगतात.

दाळभाताला पोरं कंटाळली म्हणून तू कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा काढलास म्हणालीस. दिदींच्या समोर? त्यांनी पहाटे उठून रांधलेलं ताटात तसंच राहिलं असेल तर त्यांना काय वाटलं असेल. डबा बंद करायला नको. आज त्यांच्या ताटात आधी वाढ, चटणी कशी कुटतात ते सांग, आणि भांडी घासायला तू स्वतः बस. तू बसलीस की बाकीचे उभे राहणार नाहीत.

पैशाचं शेवटी. आपल्या मंडळीने दिलेलं अर्पण कुणा एका मुलाच्या हातात देऊ नका, कितीही कळवळा आला तरी. ते त्यांच्या कमिटीकडे, पावती घेऊन. हिशेबाची वही एकट्या तुझ्याकडे ठेवू नकोस, नगरच्या त्या मुलीची रोज सही घे. एक प्रत तिथल्या पाळकसाहेबांना दे, एक आपल्या पंच कमिटीसाठी आण. पप्पा विचारतायत, परतीची तिकिटं कन्फर्म झाली का ते उद्या कळव.

तुझी,
मम्मी
सोलापूर