विषय: ‘मूळ अनुभव, जसाच्या तसा’ या दाव्याखाली विकलेल्या सदोष पोर्टबाबत दुसरी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

गेल्या महिन्यात मी आपल्या ऑनलाइन दुकानातून माझ्या लहानपणीच्या एका प्लॅटफॉर्म गेमचे (उड्या मारत पुढे जायच्या गेमचे) नवे पोर्ट, म्हणजे आजच्या यंत्रावर चालणारी आवृत्ती, विकत घेतले. त्यातला तिसऱ्या टप्प्यातला मोडका पूल मी शाळेत असताना डोळे मिटून पार करायचो. आपल्या पोर्टमध्ये सलग अकरा वेळा पाण्यात पडलो. वय झाले, हात जड झाला, अशी समजूत घालून दोन दिवस गप्प बसलो. मग माळ्यावरून जुने कन्सोल, गेमचे कार्ट्रिज आणि काचेच्या नळीचा टीव्ही खाली काढला. पहिल्याच प्रयत्नात पूल पार झाला. म्हणजे हात शाबूत आहे.

माझ्या पहिल्या तक्रारीला “टीव्हीचा गेम मोड सुरू करून पाहा” एवढेच उत्तर आले. बटण दाबणे आणि पडद्यावर दिसणे यांतला उशीर कमी करणारा हा मोड पहिल्या दिवसापासून सुरूच आहे. म्हणून या वेळी मोजमाप करून लिहीत आहे.

आधी वेग. या गेममध्ये शीर्षकाच्या पडद्यावर काही न दाबता बसून राहिले, की गेम आपला आपण खेळून दाखवू लागतो. त्यात खेळणाऱ्याच्या कौशल्याचा संबंधच नाही, त्यामुळे दोन आवृत्त्या ताडून पाहायला याच्याइतकी सोयीची जागा नाही. जुन्या कन्सोलवर हे प्रात्यक्षिक 60 सेकंदांत संपते. आपल्या पोर्टमध्ये त्याला 72 सेकंद लागतात. तीनदा मोजले, तिन्ही वेळा तेच. हे दोन आकडे शेजारी ठेवले की जाणकाराला पुढचे सांगावे लागत नाही, पण आपले मागचे उत्तर पाहता सांगितलेले बरे. जपान आणि अमेरिकेतले जुने टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र रंगवत, युरोपातले बहुतेक 50 वेळा. त्या काळी कित्येक गेम युरोपासाठी काढताना वेग जुळवण्याची तसदी कोणी घेतली नाही आणि ते तिथे सुमारे 17 टक्के संथ चालले. आपण नेमकी हीच युरोपीय आवृत्ती उचललेली दिसते. संगीतसुद्धा पेंगुळल्यासारखे वाजते. शिवाय ती आजच्या 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर दाखवायची, तर दर पाचांतली एक फ्रेम (एक चित्र) दोनदा दाखवावी लागते. पार्श्वभूमी सरकताना जे बारीक हिसके बसतात ते यामुळेच. 2018 साली आलेल्या प्लेस्टेशन क्लासिक या जुने गेम भरून विकलेल्या छोट्या कन्सोलमध्ये 20 पैकी 9 गेम असेच 50 हर्ट्झचे निघाले होते आणि त्यावर भरपूर टीकाही झाली. पुढच्याला ठेच लागलेली दिसत असताना आपण त्याच दगडावर पाय ठेवला.

आता उडी. पूल पार न होण्याचे खरे कारण हे आहे. सेकंदाला 240 फ्रेम टिपणारा फोन मी असा ठेवला, की माझे बोट आणि पडदा दोन्ही एकाच चित्रात यावेत. मग 20 उड्या मारल्या आणि बटण दबल्यापासून नायकाचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंतच्या फ्रेम एकेक करून मोजल्या. (हे काम किती कंटाळवाणे असते हे आपल्या चाचणी विभागाला ठाऊक असेल, निदान असायला हवे.) जुन्या कन्सोलवर सरासरी 13 फ्रेम आल्या, म्हणजे साधारण 54 मिलिसेकंद. आपल्या पोर्टमध्ये 34 फ्रेम, म्हणजे जवळजवळ 142. नव्या टीव्हीमुळे थोडा उशीर होतो, हे मलाही मान्य आहे. म्हणून त्याच टीव्हीवर, त्याच कंट्रोलरने, त्याच काळातल्या दुसऱ्या एका गेमचे पोर्ट मोजले. तिथे 19 फ्रेम आल्या. उरलेल्या 15 फ्रेमचे खापर टीव्हीवर फोडता येणार नाही.

चित्राबद्दल फार लिहीत नाही. 4:3 चे चित्र 16:9 मध्ये ताणल्याने सगळे एक तृतीयांशाने रुंद झाले आहे. शेवटच्या लढाईमागचा पूर्ण चंद्र अंड्यासारखा दिसतो आणि हे बंद करायची सोय सेटिंगमध्ये कुठेही नाही.

मूळ गेमपासून केसभरही ढळू नये असा माझा हट्ट नाही. कुठेही सेव्ह करण्याची सोय आपण दिलीत, ती मी आनंदाने वापरतो. तडजोडही मला कळते. 1982 मध्ये अटारी 2600 या कन्सोलवर ‘पॅक-मॅन’ आला तेव्हा त्यातली भुते लुकलुकत होती, पण त्या यंत्रात अवघी 128 बाइट रॅम होती. दोन सीडींचा ‘रेसिडेंट ईव्हिल 2’ 1999 मध्ये निन्टेन्डो 64 या कन्सोलच्या 64 मेगाबाइटच्या एकाच कार्ट्रिजमध्ये बसवला गेला. त्यातली चलचित्रे धूसर झाली, पण खेळायला गेम तोच राहिला. काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे, हे त्या लोकांनी ठरवले होते. आपल्याकडे जागा आणि ताकद दोन्ही मुबलक होती, तरी सुटली ती नेमकी उडी.

तेव्हा 60 हर्ट्झची आवृत्ती, मूळ आकाराचा पर्याय आणि बटणाच्या उशिरावर इलाज, हे तिन्ही असलेले अपडेट 30 दिवसांत द्यावे. ते जमणार नसेल तर माझे पूर्ण पैसे परत करावेत. मागच्या वेळी देऊ केलेले सवलतीचे कूपन मला नको आहे. आणि जाहिरातीतले ‘जसाच्या तसा’ हे शब्द तोवर काढून टाकावेत.

पावती आणि तीन व्हिडिओ सोबत जोडले आहेत. तिसरा कृपया संथ गतीने पाहावा. टीव्हीचा गेम मोड सुरू असल्याची खूण त्यात वरच्या डाव्या कोपऱ्यात दिसते.

आपला,
एक ग्राहक