पेन्शन ऑनलाइन झाले, पुराव्याचे कागद मात्र कपाटातच

संपादक महोदय,

संरक्षण दलांतील निवृत्तांचे पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर गेल्यापासून तिच्याविषयी बरेच बरे-वाईट लिहून झाले आहे. सुरुवातीचा गोंधळ बाजूला ठेवला, तर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) उतरवून घेणे, हयातीचा दाखला भरणे आणि तक्रार नोंदवणे ही कामे आता घरबसल्या होतात, हे मान्य करायला हवे. मला लिहायचे आहे ते त्याच्या आधीच्या टप्प्याविषयी. अपंगत्व पेन्शनचा दावा ज्या वैद्यकीय कागदांवर टिकतो किंवा पडतो, ते कागद माजी सैनिकाच्या हाती लागावेत यासाठी तंत्रज्ञान फारसे राबवले गेलेले नाही. सेवानिवृत्तीनंतर मी माजी सैनिकांना अर्ज आणि अपिले लिहून देतो. त्यात कायद्यापेक्षा कागदांचा शोध घेण्यातच जास्त वेळ जातो.

हे कागद म्हणजे भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, सेवेतील लष्करी रुग्णालयांच्या नोंदी, दुखापत झाली असल्यास तिचा अहवाल, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे सेवा सोडताना झालेल्या मेडिकल बोर्डाची कार्यवाही. आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, असा शेरा बोर्डाने मारला की दावा फेटाळला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धर्मवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवाकाळातील परिस्थितीमुळे झाला असे गृहीत धरावे, आणि बोर्डाचे मत वेगळे असेल तर त्याने कारणे लिहिली पाहिजेत. निकाल उत्तम आहे. पण भरतीच्या वेळी नोंद नव्हती आणि बोर्डाने कारणे लिहिली नाहीत, हे दाखवायचे म्हटले तरी आधी ते दोन कागद समोर हवेत.

अलीकडेच एका निवृत्त हवालदारांनी बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत आणली. ती झेरॉक्सची झेरॉक्स होती. अपंगत्वाच्या टक्केवारीच्या रकान्यात हाताने लिहिलेला इंग्रजी आकडा तीस आहे की ऐंशी, हे भिंगातूनही ठरवता येईना, आणि शेऱ्याखालची ओळ नेमकी फाईलच्या दोरीसाठी पाडलेल्या भोकात गेलेली. अपंगत्व पन्नास टक्क्यांहून कमी असेल तर ते पन्नास धरायचे, आणि शहात्तर किंवा त्याहून अधिक असेल तर शंभर धरायचे, असा नियम आहे. त्यामुळे या एका न वाचता येणाऱ्या आकड्यावर संबंधिताच्या अपंगत्वाची रक्कम निम्म्याने कमी-जास्त होते.

मूळ कागद ज्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला. नौदलाच्या खलाशांचे मानखुर्दला, तर हवाई दलाचे थेट दिल्लीला. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत ऑनलाइन करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, ही मोठीच सोय आहे. परंतु अर्ज संगणकातून गेला तरी कागद शोधायचा असतो तो रॅकवरच्या गठ्ठ्यात. नाव तिथे एका स्पेलिंगने लिहिलेले, आधारवर दुसऱ्या. सेवा क्रमांकाच्या शेवटचे अक्षर अर्जात राहून गेलेले. तेवढ्यावरून ‘अभिलेख आढळून आले नाहीत’ असे एका ओळीचे उत्तर येते. वास्तविक माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(क) मध्येच सार्वजनिक कार्यालयांनी आपल्या अभिलेखांची सूची करावी आणि योग्य ते अभिलेख वाजवी मुदतीत संगणकावर आणावेत, असे २००५ पासून लिहून ठेवले आहे.

याहून गंभीर बाब नष्टीकरणाची आहे. सेनेच्या नियमावलीतील परिच्छेद ५९५ नुसार, ज्यांना पेन्शन नाही अशा माजी सैनिकांचे सेवाविषयक कागद पंचवीस वर्षांनंतर नष्ट केले जातात. याचा व्यवहारातला अर्थ पाहा. ज्याला पेन्शन मिळते त्याचे कागद जास्त काळ जपले जातात. पण दहा वर्षे भरण्याआधीच ज्याला आजारपणामुळे घरी पाठवले आणि ज्याचा अपंगत्वाचा दावाही फेटाळला, तो पेन्शनविना राहिलेला असल्याने नेमके त्याचेच कागद आधी जाळले जातात. दावा न्याय्य होता की नाही, याचा पुरावा दावा नाकारला गेला याच कारणाने नाहीसा होतो. मागे उरतो तो ‘लाँग रोल’ या नोंदवहीतला एका ओळीचा तपशील: नाव, क्रमांक, तारखा, सेवामुक्तीचे कारण. स्पर्शवरही या माणसाचे खाते नसते, कारण ती प्रणाली पेन्शनधारकांसाठीच आहे.

अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या अभिलेखागाराला आग लागून सुमारे एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सैनिकांच्या फाईली भस्मसात झाल्या. तिथे तो अपघात होता. पुढे १९८८ मध्ये, दुसरे महायुद्ध आणि कोरियन युद्ध यांच्या काळातील रुग्णालय-प्रवेशांच्या सुमारे एक कोटी नोंदी असलेल्या जुन्या संगणकीय टेप त्या अभिलेखागाराकडे आल्या, आणि जळालेल्या फाईलींच्या जागी कित्येकांच्या दाव्यांना त्यांचा आधार मिळाला. आज तिथला माजी सैनिक आपल्या दाव्याच्या फाईलची मागणी ऑनलाइन करू शकतो. आपल्याकडे आगीची वाट पाहावी लागत नाही. पंचवीस वर्षे भरली की पुरते.

उशिराची किंमतही सैनिकच मोजतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार, पेन्शनचा दावा उशिरा दाखल झाला तर थकबाकी साधारणपणे दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे कागद शोधण्यात गेलेले प्रत्येक वर्ष थकबाकीतून वजा होते.

करायचे काम अवघड तंत्रज्ञानाचे नाही. गठ्ठे स्कॅन करून सेवा क्रमांकानुसार सूची लावणे, नावांची वेगवेगळी स्पेलिंगे जुळवून पाहणारा शोध देणे, आणि मागणाऱ्याला डिजिटल सहीची प्रत देणे एवढेच. हस्ताक्षर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर मात्र विसंबू नये. जो आकडा माणसाला भिंगातून कळत नाही तो यंत्राने ठामपणे चुकीचा वाचला, तर पुढे तोच पुरावा होऊन बसेल. मूळ पानाची स्वच्छ प्रतिमा हाच अभिलेख मानावा. कागदांत मानसिक आजारांच्याही नोंदी असतात, तेव्हा प्रवेश फक्त स्वतः सैनिकाला, त्याच्या पश्चात पत्नीला आणि लेखी अधिकारपत्र दिलेल्या व्यक्तीला असावा. नाहीतर मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी घेऊन दावे लढवणारे दलाल या भांडारात आधी शिरतील. स्पर्शवर खाते नसलेल्यांसाठी हीच सेवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात उपलब्ध करावी. आणि यापुढे निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला डिस्चार्ज बुकासोबत संपूर्ण वैद्यकीय फाईल डिजिटल स्वरूपात तिथल्या तिथे द्यावी, म्हणजे ती मागण्याचा प्रश्नच उरणार नाही.

स्कॅनिंगला निधी लागेल, निविदा निघतील, वर्षे जातील, हे मी समजू शकतो. परंतु ज्यांचा अपंगत्वाचा दावा कधी तरी नाकारला गेला आहे, त्यांचे कागद स्कॅन होईपर्यंत नष्ट करू नयेत, एवढा आदेश संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाने रेकॉर्ड ऑफिसांना मिळवून द्यावा. त्यासाठी कोणतीही प्रणाली उभारावी लागत नाही. एक पत्र पुरते, आणि ते निविदेची वाट न पाहता निघायला हवे.

आपला विश्वासू,
एक माजी सैनिक