दुसऱ्यांदा उडालं का?

सांगली, रविवार

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

तुझी एकांकिका फोनवर दोनदा वाचली. मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि पेन घेऊन तिसऱ्यांदा वाचली. "आई, इंजिनिअर म्हणून सांग," असं तू म्हणालास. आई म्हणून विचारलं असतंस तर दोन मिनिटांत सुटले असते. फोनवर मी बोलायला लागले की तू "हं, हं" करत भलतंच काहीतरी टाइप करत असतोस, म्हणून हे पत्र.

शेवटचा प्रवेश जमलाय. 1895 साल, गिरगाव चौपाटी, शिवकर बापूजी तळपद्यांचं 'मरुत्सखा' विमान वर चाललंय, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज थक्क, गोरा साहेब रुमालाने घाम पुसतोय, पडदा. टाळ्या पडणारच. याच गोष्टीवर 2015 मध्ये 'हवाईजादा' नावाचा सिनेमाही येऊन गेला, आणि आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ती दर सहा महिन्यांनी येते. माझ्या पेनाने मात्र समासात एकच प्रश्न लिहिला: दुसऱ्यांदा उडालं का?

हा प्रश्न मी शिकले कुठे, ते तुला कधी सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून. 1988 साली मी पंपाच्या कारखान्यात टेस्टिंगला होते, डिप्लोमा होऊन दोनच वर्षं झाली होती. एका नव्या पंपाची कार्यक्षमता 84 टक्के आली. डिझाइनवाल्यांना अपेक्षा होती 76 ची. मी आकडेमोड तीनदा तपासली, बरोबर होती. साहेबांना बोलावलं, साहेबांनी मोठ्या साहेबांना बोलावलं, कुणीतरी पेढे आणायला माणूसही पाठवला. आमचे फिटर मिस्त्री तेवढे गप्प उभे होते. सगळे गेल्यावर म्हणाले, "बाई, परत लावू का?" मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. परत लावला. 75 टक्के. पाणी मोजणाऱ्या व्हेंच्युरीमीटरच्या मॅनोमीटरकडे, म्हणजे पाऱ्याच्या यू-नळीकडे, येणाऱ्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. त्यामुळे पाऱ्याच्या दोन पातळ्यांतला फरक जास्त दिसला, फरक जास्त म्हणून पाणी जास्त, पाणी जास्त म्हणून कार्यक्षमता जास्त. माझी आकडेमोड बिनचूकच होती. नळीतली हवा काढायची मीच विसरले होते. तोवर पेढे येऊन पडले होते, ते खाल्ले सगळ्यांनी, पण कुणी माझ्याकडे बघेना.

तर पाऱ्याशी माझी ओळख अशी जुनी आहे. तुझ्या नाटकातलं विमानही पाऱ्यावर चालतं, आणि एक पात्र ठसक्यात म्हणतं की नासा आज तेच करतेय. अरे, नासाने ते 1964 मध्येच करून पाहिलंय. पाऱ्याचं आयन इंजिन, म्हणजे पाऱ्याचे विद्युतभारित कण मागे फेकून पुढे रेटणारं, रॉकेटवर बसवून वर नेलं आणि अवकाशात चालवलं. चाललंही. त्याचा रेटा किती होता माहीत आहे? ए-फोर कागदाच्या एका पानाच्या वजनापेक्षा कमी. निर्वात पोकळीत तेवढा रेटा पुरतो, कारण अडवायला काही नसतं आणि घाईही नसते. चौपाटीवरच्या हवेत ते इंजिन सुरूच होणार नाही, आणि झालं असं धरलं तरी भेळेचा कागद उचलायची मारामार. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी 1974 मध्ये 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ गंभीरपणे, उड्डाणशास्त्राची गणितं मांडून तपासला होता. त्यातलं एकही विमान उडू शकत नाही आणि ग्रंथ 1904 च्या आधीचा नाही, असं त्यांनी लिहिलं. तुझे तळपदे 1895 मध्ये तोच उघडून बसलेत, हे तुझ्या दिग्दर्शकाच्या लक्षात आलं नसेल, पण परीक्षकांत एखादी माझ्यासारखी निघाली तर?

आता याच्या शेजारी राइट बंधूंचं बघ. 17 डिसेंबर 1903, किटी हॉकजवळची वाळू. पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं, 120 फूट. म्हणजे आपल्या फाटकापासून जोशांच्या नारळापर्यंत. सिनेमावाला इथे थांबतो. ते थांबले नाहीत, त्याच दिवशी आणखी तीनदा उडाले, आणि चौथ्या खेपेला 59 सेकंद, 852 फूट. मग वाऱ्याने विमान उलटंपालटं करून मोडलं, तर दुसरं बांधलं, मग तिसरं. ऑक्टोबर 1905 मध्ये तेच गृहस्थ 39 मिनिटं हवेत गोल गोल फिरत होते, 24 मैल. माझ्या लेखी विमानाचा शोध त्या दिवशी पुरा झाला, कारण तेव्हा 'उडतं का' हा प्रश्न उरला नाही, 'आज किती वेळ' एवढाच उरला. आणि याच्या आधी, 1901 मध्ये, त्यांनी आपल्या सायकलच्या दुकानात लाकडी खोका करून त्यात वारा घालणारा पंखा लावला आणि विमानाच्या पंखांचे दोनशेच्या आसपास छोटे नमुने वाऱ्यात धरून मापं घेतली, कारण हातातली कोष्टकं अनुभवाशी जुळत नव्हती. मिस्त्री त्यांना नक्की भेटले असणार! खरं तर होतेच त्यांच्याकडे एक: चार्ली टेलर. बारा हॉर्सपॉवरचं इंजिन त्याने सहा आठवड्यांत घडवून दिलं. चार्लीचं नाव तुझ्या वर्गात किती जणांना माहीत आहे, विचारून बघ.

तळपद्यांची टिंगल करू नकोस, माझा तो हेतू नाही. 1895 च्या आसपास उडायचं वेड सगळ्या जगाला लागलेलं होतं. मशीनगनवाल्या हायरम मॅक्सिमने 1894 मध्ये इंग्लंडात साडेतीन टनांचं वाफेचं धूड रुळांवरून पळवलं, ते क्षणभर उचललं गेलं आणि मोडून पडलं. जर्मनीचा लिलिएन्थाल बिनइंजिनाच्या ग्लायडरवर दोन हजारांच्या आसपास झेपा घेऊन 1896 मध्ये पडून गेला. गाठीला पैसा नाही, हलकं इंजिन मिळत नाही, अशा मुंबईच्या माणसाने याच वेडात हात घातला, तर ती मला या गोष्टीत सांगतात त्या हवेतल्या दीड हजार फुटांपेक्षा मोठी गोष्ट वाटते. तू त्याला उडवून त्याची सगळी धडपड काढून घेतलीस. शिवाय 'केसरी'तल्या बातमीचा हवाला सगळेच देतात, कात्रण मला आजवर कुणी दाखवलेलं नाही.

आपल्याकडे शोध लावणारी माणसं नव्हती म्हणून असली गोष्ट रचावी लागते, असंही नाही. शंकर आबाजी भिसे 1867 मध्ये मुंबईतच जन्मले. छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, पाडणारी यंत्रं त्यांनी केली, पेटंटं घेतली. दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिलं, सर रतन टाटांनी पैसा घातला, आणि 1935 मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांच्यावर कुणी नाटक लिहीत नाही, कारण शिशाचे खिळे रंगमंचावर उडत नाहीत.

तुला गिरगावच हवं असेल तर चौपाटीवरून थोडं आत चल. 3 मे 1913 ला कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून आधी काय केलं, तर महिनाभराहून जास्त दिवस रोज थोडं थोडं चित्रण करून वाटाण्याचं रोप मिनिटभरात वाढताना दाखवलं. हे झालं टेस्ट सर्टिफिकेट! पण माझं मन अडकतं ते त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंपाशी. तेव्हाची कोरी फिल्म बिनभोकांची यायची. अंधारात बसून तिला कडेची भोकं पाडायचं काम त्या करायच्या. मी हिशेब केला: 35 मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं. चित्रपट 3700 फुटांचा. म्हणजे एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या घरात भोकं, आणि निगेटिव्हची वेगळी. यंत्राने पाडली तरी अंतर केसभर चुकलं की पडद्यावरचा हरिश्चंद्र थरथरणार. हे सांभाळून वर त्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. आपण जिला भारतीय सिनेमाची सुरुवात म्हणतो, तिच्यातलं टॉलरन्सचं, म्हणजे केसभरही न चुकण्याचं, काम एका बाईने दिवा मालवून केलं, आणि आपल्या लक्षात राहतो तो कॅमेरा आणणारा. (मी रागावलेली नाही. थोडी आहे.)

तुझ्या दिग्दर्शकाला विचार, पूर्ण काळोखात, नुसत्या खटखट आवाजावर पाच मिनिटं प्रेक्षक बसतील का. मला वाटतं बसतील. आणि तळपदेच ठेवायचे असतील तर ठेव, पण त्यांच्या बाजूला एक मिस्त्री उभा कर. त्याला एकच वाक्य दे.

लाडवांच्या डब्यात जुन्या कागदात गुंडाळलेली काचेची यू-नळी आहे, मिस्त्रींनी रिटायर होताना मला दिलेली. प्रॉप म्हणून वापर आणि प्रयोग झाला की परत आण. पारा नाही त्यात, काळजी करू नकोस. तालीम कितीला असते ते कळव, मी शनिवारच्या सकाळच्या गाडीने येईन.

तुझी आई