झाडात पाणी वर चढतं कसं, हे नीट छापा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मुळं पाणी वर ढकलतात असं बऱ्याच ठिकाणी छापून येतं, पण ते अर्धवट आहे हो. मुळांचा जोर थोडाच, खरी ओढ लागते पानातून, तिथल्या बारीक पर्णरंध्रांतून वाफ बाहेर गेली की पाण्याचे रेणू एकमेकांना धरून खालचं पाणी वर खेचतात, १०० मीटर उंच रेडवूडच्या झाडामध्येसुद्धा, तेही पंपाशिवाय! डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी हे १८९४ मध्येच मांडलंय. शोषलेल्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असंच उडून जातं, पण रंध्रं मिटून घेतली तर अन्न बनवायला लागणारा कार्बन डायऑक्साइड आत येणार कसा? आणि भर दुपारी पानं मलूल दिसली की लगेच पाणी ओतत सुटू नका, आधी बोट घालून माती बघा, ओली असेल तर बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत पानं आपोआप ताठ होतात.

– एक वाचक