‘द लेपर्ड’मधले गिळलेले मत

महोदय,

लुकिनो व्हिस्कॉन्ती यांच्या ‘द लेपर्ड’ या १९६३ सालच्या इटालियन चित्रपटावरील लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. छायाचित्रण, वेशभूषा आणि नीनो रोता यांचे संगीत यांची त्यात केलेली वाखाणणी रास्तच आहे. परंतु लयाला चाललेल्या उमरावशाहीबद्दलचा हळवा शोक एवढाच या चित्रपटाचा आशय ठरवावा, हे पटण्यासारखे नाही.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही, तो सार्वमताचा प्रसंग पाहावा. मे १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा सेनानी गारिबाल्डी आपल्या हजारभर स्वयंसेवकांसह सिसिलीत मार्साला येथे उतरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्तरेकडचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल याच्या राज्यात सामील होण्याच्या प्रश्नावर बेटावर मतदान झाले. दोन्नाफुगाता या कल्पित गावाचा नगराध्यक्ष डॉन कालोजेरो सेदारा निकाल वाचून दाखवतो: मतदार ५१५, झालेले मतदान ५१२, होकार ५१२, नकार शून्य. पुढे शिकारीच्या वेळी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा चिच्चो तुमेओ चित्रपटाचा नायक असलेल्या सिसिलियन उमरावापुढे, म्हणजे प्रिन्सपुढे, उसळून सांगतो, की त्याने ‘नाही’ असेच मत दिले होते. म्हणजे नव्या राजवटीने आरंभीच एका सामान्य माणसाचे प्रामाणिक मत गिळून टाकले. जुन्या बूर्बों राजघराण्याशी इमान राखणारा येथे हा ऑर्गनवादक आहे. प्रिन्स साहेब होकार देऊन केव्हाच मोकळे झालेले असतात. शोकच करायचा तर तो कोणासाठी, हे दिग्दर्शकाने येथे पुरेसे स्पष्ट केले आहे.

प्रिन्सचा भाचा तांक्रेदी याचे, सगळे आहे तसे राहायला हवे असेल तर सगळे बदलायला हवे, हे विधान हल्ली इतके वापरून झाले आहे की त्यातला व्यवहार कोणाच्या लक्षातच येत नाही. तो व्यवहार म्हणजे सेदाराच्या मुलीशी, अँजेलिकाशी, त्याचे लग्न: एका बाजूने घराण्याचे नाव, दुसऱ्या बाजूने पैसा.

पालेर्मोच्या गांजी प्रासादात चित्रित झालेला, पाऊण तासाच्या आसपास चालणारा नृत्यसमारंभ लांबला अशी तक्रार अनेक जण करतात. मला त्यातले एक मिनिटही जास्तीचे वाटत नाही. त्या झगमगाटातच एका बाजूच्या खोलीत पाहुण्यांनी भरून ठेवलेली मूत्रपात्रे रांगेने मांडलेली दिसतात. १८६२ च्या ऑगस्टमध्ये आस्प्रोमोन्ते येथे गारिबाल्डीला घायाळ करणाऱ्या, नव्या राज्याच्याच सैन्यातल्या तुकडीचा कर्नल तेथे मानाचा पाहुणा म्हणून मिरवतो, आणि कालचा गारिबाल्डीवादी तांक्रेदी, सैन्य सोडून गारिबाल्डीला जाऊन मिळालेल्या शिपायांना गोळ्या घालणे योग्यच मानतो. पहाटे गोळीबाराचा आवाज येतो, तेव्हा घोडागाडीत बसलेला सेदारा समाधानाने सैन्याची तारीफ करतो. हे विलापगीत असेल, तर ते फार कडवट आहे. व्हिस्कॉन्ती स्वतः मिलानच्या उमराव घराण्यातले आणि तरीही कम्युनिस्ट विचारांचे होते, हे येथे विसरून चालणार नाही.

एक विनंती आहे. इंग्रजी भाषकांसाठी छाटून केलेली १६१ मिनिटांची आवृत्ती आणि तीन तासांहून मोठी इटालियन आवृत्ती यांत बराच फरक आहे. इंग्रजीत प्रिन्सची भूमिका करणाऱ्या बर्ट लँकॅस्टरचा स्वतःचा आवाज ऐकायला मिळतो, हे खरे. तरीही चित्रपट मंडळांनी इटालियन प्रतच दाखवावी. तिची पुनरुज्जीवित प्रत २०१० च्या कान महोत्सवात दाखवली गेली आहे, तेव्हा चांगली प्रत उपलब्ध नाही ही सबब आता राहिलेली नाही.

आपला,
एक नियमित वाचक