नाना, निकितीनला मराठीत आणलंत त्याबद्दल

प्रिय नाना,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार चारचौघांत मानायचे, म्हणून हे जाहीर पत्र. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. रागवा.

आमच्या चौलच्या वाडीत उतरणारे पाहुणे रेवदंड्याचा किल्ला बघतात, कोर्लईला जाऊन येतात, उत्साही असले तर दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढतात. उरलेला सगळा वेळ समुद्रात. रेवदंड्यात शाळेच्या आवारात अफनासी निकितीन या पंधराव्या शतकातल्या रशियन प्रवाशाचं स्मारक आहे, तिकडे वळतं कोण? घरात विचारलं तर 'रशियातून कोणी आला होता त्याचं आहे' एवढंच उत्तर मिळायचं. त्याच्या त्वेर गावात व्होल्गाकाठी १९५५ साली मोठा पुतळा उभारला. आपल्याकडे मात्र तो पोरांच्या मधल्या सुट्टीतल्या गलक्यात उभा आहे. मला विचाराल तर तेही वाईट नाही.

एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर साधारणपणे देवळाच्या कमिटीत जातो. तुम्ही निकितीनच्या प्रवासवर्णनाचं इंग्रजी भाषांतर घेऊन बसलात आणि त्यातली आपल्या मुलखाची पानं मराठीत उतरवलीत. मी सहज म्हटलं होतं की पाहुण्यांना द्यायला काहीतरी कागद हवा. तुम्ही वेबिल भरायच्या त्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेले ताव आणून दिलेत, वर झेरॉक्सचे पैसेही घेतले नाहीत.

त्या तावांमुळे काय झालं ते सांगते. पाहुणे आता विचारतात, 'तो घोडा कुठे उतरवला असेल हो?' घोड्याची गोष्टच तशी आहे. निकितीन हा व्यापारी. व्होल्गेवर लुटला गेला, परत जावं तर डोक्यावर कर्ज, म्हणून पुढेच निघाला. बाकू, इराण करत होर्मुझला पोचला आणि तिथून १४६९ च्या सुमारास घोडा घेऊन जहाजात बसला. सहा आठवड्यांनी चौल. आपल्याकडे घोडे पैदा होत नाहीत, तेव्हा चांगला भाव येईल असा हिशेब. पालीवरून घाट चढून जुन्नरला गेला, तर तिथल्या असद खानाने घोडाच काढून घेतला. मुसलमान हो, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, म्हणाला. शेवटी खुरासानहून आलेल्या एका माणसाने रदबदली केली आणि घोडा सुटला. परमुलखात अडलेल्याला असा कोणीतरी लागतोच.

त्याच जुन्नरात त्याने पावसाळा काढला. चार महिने पाणी आणि चिखल, आणि लोक त्याच दिवसांत नांगरतात, पेरतात, याचं त्याला नवल वाटलं. नारळात दारू करतात हेही टिपलं. माडी काढणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना ते वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, 'म्हणजे बघणारा होता!' घोड्यांना साखर-तेल घालून खिचडी शिजवून देतात, हे वाचल्यापासून आमच्या धाकट्याने खिचडीचं ताट पुढे आलं की खिंकाळायला सुरुवात केली आहे. त्याचा हिशेब तुमच्याकडे.

पण खरे आभार मानायचे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. चौलला उतरल्या उतरल्या त्याने आपल्या लोकांबद्दल लिहिलं, की सगळे काळे, डोकी उघडी, अंगावर वर काही नाही, केसांची एकच वेणी. आणि मी जाईन तिथे गोऱ्या माणसाला बघायला गर्दी मागे लागते. मी म्हटलं, नाना, हे गाळू या, पाहुण्यांपुढे कशाला? तुम्ही म्हणालात, 'गाळलंस तर त्याचं काय राहिलं? मग माझे कागद परत दे.' पुढे त्याने चिडून शिव्याही घातल्या आहेत. इथे माल भरपूर आहे म्हणून मला फसवलं, आमच्या देशाला लागेल असं इथे काहीच नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त. तेही तुम्ही जसंच्या तसं ठेवलंत. आता कॉलेजची मुलं उतरली की याच पानावर जास्त बोलतात. एका मुलीने विचारलं, 'आपल्या लोकांनी त्याच्याबद्दल काय लिहिलं?' तुम्ही नुसते हसलात आणि पुढचा ताव काढलात.

तो ताव मला सगळ्यांत आवडतो. पहिल्या शतकातला ग्रीक दर्यावर्दी आपल्या बंदराचं नाव लिहून ठेवतो. कान्हेरीच्या लेण्यात दान देणाऱ्यांत चेमुलचा, म्हणजे आपल्याच गावचा, सोनाराचा मुलगा आहे. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी येऊन जातो. मग हा निकितीन, मग पोर्तुगीज. तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी असं मिरवणाऱ्या या गावाने स्वतःबद्दल फारसं लिहिलं नाही. आपण राहिलो ते बहुतेक लोकांच्या वह्यांत, आणि त्या वह्या आपल्याला वाचता येत नव्हत्या. इतकी वर्षं त्या स्मारकाच्या दगडासमोर नुसतं उभं राहता यायचं. तुमच्यामुळे त्या माणसाचं म्हणणं आमच्या बोलीत आमच्या ओटीवर आलं.

आणखी एक. गेटाजवळच्या पाटीवर मी रंगाऱ्याकडून 'भारतात आलेला पहिला युरोपियन' असं लिहून घेणार होते. तुम्ही रंगाऱ्याचा हातच धरलात. वास्को द गामा कालिकतला १४९८ साली आला, म्हणजे निकितीन त्याच्या तीसेक वर्षं आधीचा, हे खरं. पण मार्को पोलो आणि निकोलो कोंती हे इटालियन प्रवासी त्याच्याही आधी येऊन गेले होते. 'पहिला नसला तरी आपला आहे ना?' असं म्हणून तुम्ही पाटी साधी ठेवायला लावलीत. रंगारी अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर नाराज झाला. पाटी मात्र आता खोटं बोलत नाही. किनाऱ्यावरच्या कितीतरी पाट्यांबद्दल असं म्हणता येणार नाही.

रविवारी उन्हातून चालत येऊन पाहुण्यांना स्मारकाजवळ नेता, त्याबद्दल वेगळं काय म्हणू? शाळेतल्या मंडळींनीही सुट्टीच्या दिवशी फाटक उघडून दिलं, त्यांनाही या पत्रातून नमस्कार. परवा एक आजी ऐकता ऐकता रडायला लागल्या. घरी पोचायच्या आधी, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, निकितीन वाटेतच वारला आणि त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन दिल्या, हे तुम्ही सांगत होतात. त्यांचा मुलगा जहाजावर आहे. तुम्ही लगेच गाडी घोड्याच्या खिचडीवर वळवलीत. हजारो फेऱ्यांत माणसं सांभाळलेला कंडक्टरच हे करू जाणे.

आता थोडं कामाचं. पहिल्या तावाच्या झेरॉक्स संपल्या आहेत आणि मूळ ताव घडीवर फाटायला आला आहे, तेव्हा तो पुन्हा लिहून द्यावा लागेल. मुलगी टाइप करून देईन म्हणते, पण पाहुण्यांना तुमचं अक्षरच हवं असतं. दुसरं म्हणजे निकितीन परत गेला तो दाभोळहून, आणि ती पानं तुम्ही अजून केलेली नाहीत. दाभोळचे आमचे व्याही कधीपासून विचारत आहेत. त्यांच्या बंदराला चौलने मागे टाकलं म्हणून जरा रुसलेही आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की घाई न करता बसा. डोळ्यात थेंब घालायला सकाळ-संध्याकाळ मी धाकट्याला पाठवीन. तो खिंकाळला तर दुर्लक्ष करा.

तुमची,
वरच्या वाडीतली सूनबाई