श्रेक गोड नको दिसायला

पुणे, रविवार रात्र

प्रिय मीने,

आम्ही सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच. तुझा खोकला गेला असेल असं धरून चालते.

आपल्या हिरव्या राक्षसाच्या ॲनिमेशन सिनेमाचा पाचवा भाग, श्रेक पाच, पुन्हा पुढे गेला! आधी जुलै २०२६ होता, मग डिसेंबर, आता थेट ३० जून २०२७. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "लहान मुलांचा ना तो?" मग तुलाच लिहायला बसले.

उशिराचं मला काही नाही गं. झालंय ते वेगळंच. फेब्रुवारी २०२५ चा तो टीझर मी परवा थांबवून थांबवून चिऊला दाखवला. श्रेकचे डोळे मोठे, कातडी गुळगुळीत. मी चिडलेली, आणि चिऊ म्हणते, "आई, आता बरा दिसतो की!" ही पोरगी फोटो टाकायच्या आधी नाक बारीक करून घेते. माझी झोपच उडाली.

ॲनिमेशनच्या वर्गात सरांनी अख्खा तास श्रेकच्या त्या एका चेहऱ्यावर घालवला होता, आठवतं? आत कवटी, तिच्यावर स्नायू, वर कातडी. एक स्नायू ओढला की गाल, भुवई, ओठाचा कोपरा, सगळं आपापल्या परीने हलणार. तेही २००१ च्या पहिल्या भागात! म्हणून तर तो एकटा जेवायला बसतो, कानातल्या मळाची मेणबत्ती लावतो (तू तेव्हा डबा बंद केला होतास, नाटकी कुठली), तेव्हा त्या जाड्याभरड्या तोंडावर त्याचं एकटेपण दिसतं. त्याची राजकन्या फिओना फार खरी दिसायला लागली, श्रेकशेजारी शोभेना, म्हणून सिनेमा बनवणाऱ्यांनीच तिला मुद्दाम थोडी कार्टूनकडे परत आणली होती. चेहरा जरा इकडचा तिकडे झाला तर काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

शाप सुटतो आणि फिओना हिरवीच राहते, सगळी गोष्ट तिथे आहे. आणि हो, तुझा लाडका दुसरा भागही तेच सांगतो. औषध पिऊन श्रेक देखणा होतो, पण फिओनाला लग्न केलेला राक्षसच हवा असतो. एवढं मान्य. तरी पहिलाच भाग भारी, यावर मी मरेपर्यंत भांडणार.

आता त्या दोघांची मुलगी फेलिशिया मोठी झालीये, आवाज झेंडाया या नटीचा. तिसऱ्या भागातलं ते तान्हं बाळ! तिला कसला चेहरा देतील? बापालाच गोंडस करून ठेवला तर चिऊसारख्या पोरींना ती काय सांगणार?

बदलाला माझा विरोध नाही. श्रेकमधल्याच बूटवाल्या मांजराचा २०२२ चा सिनेमा 'द लास्ट विश' ब्रशने रंगवल्यासारखा होता, तो लांडगा शीळ घालत आला की माझे हात गार पडायचे. पण तिथे मांजराला मरणाची भीती दिली होती, त्याला गोजिरवाणं नव्हतं केलं. शिवाय दिग्दर्शक घरचेच आहेत. कॉनरॅड व्हर्नन म्हणजे आपल्या जिंजीचा, त्या बिस्किटाच्या माणसाचा आवाज, आणि वॉल्ट डॉर्न म्हणजे चौथ्या भागातल्या खलनायकाचा, रम्पेलस्टिल्टस्किनचा. मायर्स, मर्फी, डियाझ हे जुने आवाजही तिघंही परत आलेत. म्हणून आशा सोडवत नाही. हातात वेळ आहे तर सुरकुत्या परत घाला म्हणावं!

तुझं काय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? सासूबाई परत गेल्या? दादाला नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं झालं.

लागेल तेव्हा पहिल्या दिवशीच जायचं, चिऊला मधे बसवू. त्याआधी टीझर नीट बघ आणि फोन कर. आणि लायटिंगवाली आहेस म्हणून "उजेडामुळे तसं वाटतं" असलं काही मला ऐकवू नकोस.

तुझी,
सुजू